तिकिटावर द्वारका, कार्डावर सुमन

"अगं, दोन्ही कार्डांवर फोटू माझाच हाय की!"

दिल्लीच्या विमानतळावर आक्का मला हे सांगत होत्या, तेव्हा माझ्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. त्यांच्या एका हातात आधार कार्ड होतं आणि दुसऱ्या हातात मतदान ओळखपत्र. समोरच्या काउंटरवर विमान कंपनीची एक तरुण मुलगी. बिचारी नम्रपणे बोलत होती, पण बोर्डिंग पास काही देत नव्हती. आमच्या मागे भजनी मंडळाच्या तेरा बायका, नव्या कोऱ्या साड्या नेसून, पहिल्यांदाच विमानात बसायचं म्हणून हरखून गेलेल्या. सगळ्यांना पास मिळाले. राहिल्या त्या एकट्या आक्का.

ही गोष्ट फेब्रुवारी २०२३ मधली. महाशिवरात्रीला काठमांडूत पशुपतिनाथाचं दर्शन घ्यायचं, असं आमच्या मंडळाचं दोन वर्षांपासून चाललं होतं. तालुक्याचं गाव आमचं. बायकांनी भिशीतून, दुधाच्या पगारातून, कुणी गोधड्या शिवून पैसे साठवले. मिरजेहून गोवा एक्स्प्रेसने दिल्ली आणि तिथून विमानाने काठमांडू, असा बेत ठरला. मी बी.ए. झालेली, फॉर्म भरण्यात, सरकारी कचेऱ्यांत हेलपाटे घालण्यात तरबेज (असा माझा समज!), म्हणून सगळ्यांचे कागद गोळा करण्याचं काम साहजिकच माझ्याकडे आलं.

मी काय केलं? सगळ्यांकडून आधार कार्डाच्या झेरॉक्स घेतल्या, त्यावरून नावांची यादी केली आणि तिकीट काढणाऱ्याकडे दिली. नेपाळला विमानाने जाताना मतदान ओळखपत्र लागतं हे मला माहीत होतं. म्हणून प्रत्येकीला दहा वेळा बजावलंही, "मतदान कार्ड मूळचं घ्या बरं का, झेरॉक्स चालणार नाही!" सगळ्यांनी घेतलं. आक्कांनीही घेतलं, रुमालात गुंडाळून, पिशवीच्या आतल्या कप्प्यात.

पण दोन्ही कार्डांवरची नावं एकमेकींशी जुळतात की नाही, हे मी पाहिलंच नाही.

आक्कांच्या आधारवर नाव होतं द्वारका. मतदान ओळखपत्रावर होतं सुमन. तिकीट निघालं होतं आधारवरून, म्हणजे द्वारकाचं. नेपाळला जायला चालतं ते मतदान कार्ड, पण त्यावर सुमन. जे कार्ड चालत होतं ते तिकिटाशी जुळत नव्हतं आणि जे जुळत होतं ते चालत नव्हतं!

(ही दोन्ही नावं मी बदलून लिहिली आहेत. त्यांची खरी नावं काय, हे त्यांच्या परवानगीवाचून कशाला सांगू?)

असं झालं कसं?

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कितीजणींना हे वाचून आपलंच आठवलं असेल! लग्नात ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं अंगठीनं नवं नाव लिहायचं आणि माहेरचं नाव उंबऱ्याबाहेर ठेवायचं, हा रिवाज आपल्याकडे घरोघरी होता. आडनाव आणि वडिलांचं नाव तर बदलायचंच, पण मुलीचं स्वतःचं पाळण्यातलं नावही बदलायचं. आक्कांचं लग्न १९७९ सालचं. तेव्हा त्या अठरा वर्षांच्या. द्वारका मांडवात गेली आणि सुमन बाहेर आली.

लग्नाची नोंदणी वगैरे झाली नाही. रेशनकार्डावर सुमन लागलं, घराच्या उताऱ्यावर सुमन लागलं. टी. एन. शेषन निवडणूक आयुक्त होते, त्या काळात फोटोचं मतदान ओळखपत्र आलं. आक्कांचं कार्ड १९९५ चं. त्यावर जन्मतारीखही नाही, नुसतं '१-१-१९९५ रोजी वय' एवढंच छापलेलं. त्यावरही सुमनच.

पुढे आधार आलं. गावात शिबिर भरलं. जन्मतारखेचा पुरावा मागितला तेव्हा मुलानं पेटीतून आक्कांचा चौथीचा शाळेचा दाखला काढला. तारीख अर्थातच एक जून! आपल्या पिढीच्या आणि आपल्या आयांच्या निम्म्या वर्गाचा वाढदिवस एक जूनलाच असतो, कारण गुरुजींनी तोच लिहिला. त्या दाखल्यावर नाव होतं द्वारका. शिबिरातल्या पोरानं ते जसंच्या तसं घातलं. घरात कुणाला काही वावगं वाटलं नाही. "नाव काय, माझंच हाय," आक्का म्हणाल्या. बँकेत सुमन आणि आधारला द्वारका, असं कसं जमलं, असं विचाराल तर तेही अडलं होतंच. मुलानं कुठूनतरी एक प्रतिज्ञापत्र करून ते तेवढ्यापुरतं भागवलं. आपल्या बायकांचे कागद असेच, तेवढ्यापुरते, भागवले जातात.

काउंटरवरचा नियम

नेपाळ आणि भूतानला जायला आपल्याला पासपोर्टची सक्ती नाही. भारत आणि नेपाळ यांच्यात १९५० साली मैत्रीचा करार झाला, तेव्हापासून दोन्हीकडची माणसं व्हिसाशिवाय ये-जा करतात. पण म्हणजे कोणताही कागद चालतो, असा अर्थ नाही. आपल्या सरकारनं त्यासाठी मुख्यतः दोन कागद मानले आहेत : भारताचा पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं फोटो ओळखपत्र. आधार कार्ड त्यात नाही. सूट आहे ती वयाची. पासष्ट वर्षांवरचे आणि पंधरा वर्षांखालचे असतील, तर वय आणि ओळख पटवणारा आधार, पॅन, वाहन परवाना यांसारखा फोटो असलेला दुसरा कागद चालतो. पंधरा ते अठराच्या मुलांना शाळेच्या मुख्याध्यापकांचं ठरावीक नमुन्यातलं ओळखपत्र चालतं.

म्हणूनच त्या दिवशी आमच्यातल्या सदुसष्ट वर्षांच्या एक काकू नुसत्या आधारवर आत गेल्या. आक्का एकसष्ट वर्षांच्या. चार वर्षं कमी पडली. "म्हातारं व्हायला एवढी घाई केली असती तर बरं झालं असतं," असं म्हणून त्या हसल्या, पण डोळे हसत नव्हते.

मला त्या मुलीचा रागही येईना. नंतर मी विचार केला, तिचं काय चुकलं? सीमेवर किंवा विमानतळावर आपल्याला ओळखणारं कुणी नसतं. गावात तलाठ्यापासून किराणा दुकानदारापर्यंत सगळे आक्कांना ओळखतात. तिथं मात्र माणूस म्हणजे तीन गोष्टी : नाव, फोटो आणि जन्मतारीख. त्या तीनही एकाच कागदावर आणि त्या कागदाचं नाव तिकिटावर, एवढंच ते पाहतात. चुकीच्या कागदावर प्रवासी तिकडे पोचला आणि तिथल्या अधिकाऱ्यांनी परत पाठवला, तर त्याला माघारी आणण्याचा भुर्दंड विमान कंपनीवर पडतो. म्हणून ते आधीच, इथंच, काउंटरवर अडवतात.

सुमन या नावानं नवीन तिकीट काढावं म्हटलं तर त्या विमानात जागाच नव्हती, शिवरात्रीची गर्दी. दुसऱ्या दिवशीच्या तिकिटाचा आकडा ऐकून आक्काच म्हणाल्या, "राहू दे. तेवढ्यात गोठ्याचं छप्पर हुतंय." बाकीच्या बायका रडवेल्या झाल्या. कुणी म्हणे, आम्हीही जात नाही. शेवटी आक्कांनीच दरडावलं, "गप जावा! माझा बेल तेवढा देवाला घाला." यात्रेच्या माणसाच्या हवाली मंडळ केलं आणि मी आक्कांबरोबर मागे राहिले. चूक माझी होती. त्यांना एकटीला परत कसं पाठवणार?

परतीच्या गाडीचं आरक्षण दोन दिवसांनी मिळालं. लॉजच्या खोलीत आम्ही दोघी. शिवरात्रीच्या दिवशी आक्कांनी तिथंच ताटलीत पाण्याचा तांब्या ठेवला आणि हात जोडले. संध्याकाळी अंधारात मला म्हणाल्या, "तुला एक सांगू? त्या पोरीनं मला द्वारका म्हणून हाक मारली बघ. आई गेल्यापासनं त्या नावानं कुणी बोलावलं न्हवतं. मी आधी वळलेच न्हाई. मला वाटलं, दुसरीच कुणीतरी हाय."

त्या रात्री मला झोप लागली नाही.

सुमन की द्वारका?

गावी आल्यावर मी ठरवलं, आक्कांचे कागद सरळ करायचे. आणि या वेळी पासपोर्टच काढायचा, म्हणजे पुन्हा कुठं अडायला नको. मुलगा म्हणाला, "आईला आता पासपोर्ट कशाला? कुठं जायचंय तिला?" हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय! बाईला कागद कशाला, तर कुठं जायचंय तिला? आणि कुठं जाता येत नाही, तर कागद नाहीत म्हणून!

पण पहिला प्रश्न वेगळाच होता. कोणतं नाव ठेवायचं? आधारवरचं की बाकीच्या सगळ्या कागदांवरचं?

मी आक्कांना विचारलं. त्या बराच वेळ शेंगा फोडत बसल्या. मग म्हणाल्या, "सुमनच ठेव. चव्वेचाळीस वर्षं हाक तीच हाय, पोरांच्या दाखल्यावर आईचं नाव तेच हाय. आता बदलायचं म्हंजे त्यांना तरास." थोड्या वेळानं म्हणाल्या, "पर ते दुसरं नाव पार पुसायचं का गं?"

पुसायचं नाही. तसा कायदेशीर मार्गच आहे. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावातील बदल जाहीर करून घेता येतो. प्रतिज्ञापत्र, ओळखीचे पुरावे, फोटो देऊन ऑनलाइन अर्ज करता येतो. आम्ही तो केला. राजपत्राचं पान छापून आलं, तेव्हा आक्कांची दोन्ही नावं त्यावर शेजारीशेजारी होती. जुने नाव : माहेरचं, वडिलांच्या नावासकट. नवीन नाव : सासरचं, पतीच्या नावासकट. आक्कांनी ते पान दोन वेळा वाचलं. मग म्हणाल्या, "म्हंजे सरकारला ठावं हाय म्हण की, ह्या दोघी एकच हायत." त्यांनी ते पान लॅमिनेट करून देवघराशेजारी लावलंय.

राजपत्राच्या आधारे आधारवरचं नाव दुरुस्त झालं. मग जिल्ह्याच्या पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात गेलो. २०१७ पासून मोठ्या पोस्ट कार्यालयांत अशी केंद्रं सुरू झाली आहेत, त्यामुळे आता प्रत्येक वेळी पुण्या-मुंबईला धावावं लागत नाही. ऑनलाइन अर्ज भरायचा, फी भरायची, वेळ घ्यायची आणि त्या दिवशी मूळ कागद घेऊन जायचं. मोठ्या माणसाच्या साध्या पासपोर्टची फी दीड हजार रुपये आहे आणि साठीपुढच्यांना नव्या पासपोर्टसाठी त्यात दहा टक्के सवलत आहे. अर्जात एक प्रश्न असतो : 'आपले नाव कधी बदलले आहे काय?' तिथं आम्ही 'होय' लिहिलं आणि जुनं नावही लिहिलं. लपवायचं काहीच नव्हतं. लपवलं तरच घोटाळा होतो.

आक्का दहावी नापास सुद्धा नाहीत, चौथी पास! दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर कामासाठी काही ठरावीक देशांत जाण्यावर परवानगीची अट येते, ही भीती त्यांना कुणीतरी घातली होती. पण पन्नाशी ओलांडलेल्यांना ती अट नाही. आणि ही अट नोकरीसाठी जाणाऱ्यांसाठी असते; देवदर्शनाला किंवा लेकीकडे जाणाऱ्या बाईनं तिचा धसका घ्यायचं कारण नाही.

मग पोलीस चौकशी. हवालदार घरी आले, चहा घेतला आणि रीतीप्रमाणे विचारलं, "आजी, तुमच्यावर काही गुन्हा, खटला?" आक्का म्हणाल्या, "सुनंला इचारा!" घरभर हशा.

दिवाळीच्या आधी पोस्टमननं पासपोर्ट आणून दिला. गडद निळी वही, वर तीन सिंह. आक्कांनी आधी हळदकुंकू लावलं, मग उघडून फोटो पाहिला आणि म्हणाल्या, "चोरासारखी दिसतीया मी."

हे फक्त आपल्याकडचंच नाही

बाईचं नाव आणि पासपोर्ट यांचं भांडण जुनंच आहे, हे मला नंतर वाचताना कळलं. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० साली, पॅरिसला देशोदेशींची परिषद भरली आणि पासपोर्ट वहीसारखा, एका नमुन्याचा असावा असं ठरलं. त्या काळात अनेक देशांत नवऱ्याच्या पासपोर्टमध्येच 'आणि पत्नी' असं लिहून बायकोला बसवत. म्हणजे तो तिला घेऊन जाऊ शकत होता, पण ती एकटी जाऊ शकत नव्हती! अमेरिकेत रूथ हेल नावाच्या पत्रकार बाईंनी स्वतःच्या नावाचा पासपोर्ट मागितला. सरकारनं नवऱ्याच्या नावानं, 'मिसेस अमुक' असा दिला. बाईंनी तो घेतला नाही, फ्रान्सला जाणंच रद्द केलं. पुढे १९२५ मध्ये डोरिस फ्लाइशमन या विवाहित बाईंना तिथं माहेरच्या नावाचा पासपोर्ट मिळाला.

आपल्याकडेही नियम बदलत गेले आहेत, पण ते आपल्यापर्यंत पोचत नाहीत. डिसेंबर २०१६ मध्ये पासपोर्टचे नियम बरेच सोपे झाले. अर्जाबरोबर लग्नाचा दाखला जोडण्याची सक्ती गेली. घटस्फोटित किंवा नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या बाईला नवऱ्याचं नाव देण्याची सक्ती राहिली नाही. मुलाच्या अर्जावर आई किंवा वडील, एकाचंच नाव चालतं. एकट्यानं मूल वाढवणाऱ्या आईला हा केवढा आधार! २०१७ मध्ये तर पंतप्रधानांनीच जाहीर केलं की, लग्नानंतर पासपोर्टवरचं नाव बदललंच पाहिजे असं नाही. म्हणजे मुलीनं माहेरचं नाव ठेवलं तर तो तिचा हक्क. आणि बदलायचं असेल तर सगळीकडे बदलायचं, अर्धं नाही.

आणखी एक. परदेशी जाण्याचा हक्क हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, तो मनमानी करून काढून घेता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये ठासून सांगितलं, ते मेनका गांधी यांच्या जप्त झालेल्या पासपोर्टच्या खटल्यात. एका बाईच्या पासपोर्टवरून लागलेला तो निकाल आज कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकावा लागतो.

आता तुमचं कपाट उघडा

आक्कांच्या प्रकरणानंतर आमच्या मंडळात आम्ही दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी 'कागदांची बैठक' घेतो. हळदीकुंकवासारखीच. प्रत्येकीनं आपले सगळे कागद आणायचे, सतरंजीवर ओळीनं मांडायचे आणि नुसती नावं वाचायची. पहिल्याच बैठकीत बावीस बायकांपैकी सारखं नाव किती जणींचं निघालं असेल? सहा जणींचं! कुणाचं आडनाव इंग्रजीत दोन तऱ्हेनं, कुणाच्या मधल्या नावात नवरा तर कुणाच्या वडील, कुणाची जन्मतारीख पॅनवर एक आणि दाखल्यावर दुसरी. त्या बैठकीतून शिकलेलं तुम्हालाही सांगते.

एक, नाव एकच ठरवा आणि तेच इंग्रजी स्पेलिंग सगळीकडे ठेवा. 'सुनीता'त एक 'आय' की दोन 'ई', हे आपल्याला क्षुल्लक वाटतं, संगणकाला वाटत नाही. मतदान ओळखपत्रातली दुरुस्ती नमुना ८ भरून होते.

दोन, परदेशाचं तिकीट काढताना आधारवरून नाही, तर ज्या कागदावर तुम्ही सीमा ओलांडणार त्यावरून नाव घाला. पासपोर्टवर जात असाल तर पासपोर्टवरून, नेपाळला मतदान कार्डावर जात असाल तर त्यावरून. ही माझी चूक तुम्ही करू नका.

तीन, पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा असतो आणि नावाचा वेगळा. तो मोकळा सोडू नका. नोव्हेंबर २०२२ पासून संयुक्त अरब अमिरातीनं पासपोर्टवर एकच नाव असलेल्या पर्यटकांना अडवायला सुरुवात केली. दुबईला लेकीकडे जाणाऱ्या बायकांनी हे आधी बघून घ्यावं.

चार, मुदत बघा. मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षांचा असतो, पण सिंगापूर, थायलंडसारखे अनेक देश तो पुढे किमान सहा महिने चालणारा हवा म्हणतात. माझी थोरली बहीण २०१८ मध्ये सिंगापूरला लेकीच्या बाळंतपणाला निघाली. डिंकाचे लाडू झाले, बाळंतविडा भरला, आणि मग कळलं की पासपोर्टची पाचच महिने मुदत उरलीय. तत्काळमधून नवा काढेपर्यंत बाळ जन्माला आलं होतं! लाडू मात्र पोचले.

पाच, घरात नवं बाळ आलं की जन्मदाखला ताबडतोब काढा, नावासकट. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालतो. आता गुरुजींचा एक जून चालायचा नाही!

आणि सहावी गोष्ट मी जरा आवाज खाली करून सांगते. आपली लेक लग्न होऊन परदेशी जात असेल, तर तिचा पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत माहेरी ठेवा. पासपोर्ट तिच्या स्वतःच्या ताब्यात आहे ना, हे फोनवर अधूनमधून सहज विचारा. पासपोर्ट कायद्यानुसार ती वही भारत सरकारची मालमत्ता असते. नवरा, सासू, मालक, कुणालाही ती काढून घेऊन कुलपात ठेवायचा अधिकार नाही. तशी वेळ आलीच, तर तिनं तिथल्या पोलिसांत आणि भारतीय वकिलातीत जावं. पासपोर्ट हाती नसला तरी मायदेशी परतण्यापुरता कागद वकिलात देऊ शकते. हे तिला निघण्याआधीच सांगून ठेवा. देव करो आणि उपयोग न होवो.

पुन्हा पशुपतिनाथ

२०२४ ची महाशिवरात्र आठ मार्चला आली. महिला दिनालाच! मंडळातल्या पाच जणी पुन्हा निघालो, या वेळी आक्का सगळ्यांच्या पुढे. दिल्लीला तसाच काउंटर, मुलगी मात्र दुसरी. आक्कांनी पासपोर्ट पुढे सरकवला आणि माझा हात घट्ट धरला. मुलीनं पासपोर्ट पाहिला, तिकीट पाहिलं, "सुमनजी, खिडकीजवळची जागा देऊ?" असं हिंदीत विचारलं आणि पास दिला. मिनिटभरसुद्धा लागलं नाही. वर्षभराची आमची धावपळ त्या एका मिनिटासाठी होती.

पशुपतिनाथाला गर्दी म्हणजे मुंगीला शिरायला जागा नाही. रांगेत कितीतरी तास गेले, पण दर्शन झालं. नंतर बागमतीच्या घाटावर एका पुरोहितानं आक्कांच्या हातावर पाणी सोडायला घेतलं आणि संकल्पासाठी नाव विचारलं.

आक्का क्षणभर थांबल्या. "द्वारका," म्हणाल्या.

मी चमकून पाहिलं. पाणी सोडून झाल्यावर त्यांनी ओले हात पदराला पुसले आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "त्याला कुठं तिकिटाशी जुळवायचं हाय?"